ज्यूकबॉक्समधला तो आवाज

प्रश्न : ‘द बॉडीगार्ड’ हा चित्रपट परवा पुन्हा पाहिला. केविन कॉस्टनर आणि व्हिटनी ह्यूस्टन बारमध्ये नाचतात, तेव्हा मागे ज्यूकबॉक्सवर ‘आय विल ऑल्वेज लव्ह यू’ हेच गाणं एका पुरुषाच्या आवाजात वाजतं. माझ्याकडच्या जुन्या कॅसेटवर ते नाही. शोधाशोध केल्यावर कळलं की गायक जॉन डो आहे आणि तो पंक बँडमधला. आरडाओरडा करणारा पंक गायक असं हळवं कंट्री गाणं कसं काय गातो?
— एक वाचक, सातारा

उत्तर : तुमचा कान तिखट आहे. त्या प्रसंगात सगळ्यांचं लक्ष नाचणाऱ्या जोडीकडे असतं आणि गाणं नकळत निघून जातं. कॅसेटवर ते सापडणार नाही, कारण साउंडट्रॅकच्या अल्बममध्ये ते घेतलंच नव्हतं. गाणं मुळात कंट्रीचंच. डॉली पार्टनने १९७३ मध्ये, ज्यांच्याबरोबर ती बरीच वर्षं गात होती त्या पोर्टर वॅगनर यांचा निरोप घेताना ते लिहिलं. म्हणजे ह्यूस्टनच्या जगप्रसिद्ध गाण्यापेक्षा ज्यूकबॉक्समधलं गाणं त्याच्या माहेराला जास्त जवळचं आहे.

‘आरडाओरडा’ या शब्दाशी मात्र माझं भांडण आहे. जॉन डोचा बँड ‘एक्स’ १९७७ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये उभा राहिला. त्यांचा पहिला अल्बम ‘लॉस एंजेलिस’ १९८० मध्ये आला. निर्माता होता ‘द डोअर्स’चा कीबोर्डवादक रे मँझारेक. अख्खा अल्बम अर्ध्या तासाच्या आत संपतो. पहिल्यांदा ऐकताना नुसता वेग जाणवतो. दुसऱ्यांदा ऐकताना कान दोन आवाजांवर ठेवा. एक डोचा, दुसरा एक्सीन सर्व्हेंकाचा. त्यांची ओळख लॉस एंजेलिसच्याच व्हेनिस भागातल्या एका कविता-कार्यशाळेत झाली होती. एक्सीन काही शिकलेली गायिका नव्हती, ती कवयित्री होती.

आपल्या द्वंद्वगीतात बहुधा एक ओळ त्याची, एक तिची, आणि ध्रुवपद दोघांचं, तेही एकाच सुरात. इथे दोघं एकाच वेळी वेगवेगळ्या सुरांवर गातात आणि ते सूर नेहमीच्या गोड अंतरावर बसत नाहीत. मूळ चाल कोणाची आणि साथ कोणाची, हे ठरवता ठरवता कडवं संपून जातं. हे असं दोघांनी खांद्याला खांदा लावून गाणं कंट्रीत जुनंच आहे. एक्सच्या सगळ्यात वेगवान गाण्याचा वेग मनातल्या मनात निम्मा करून बघा, दारू, भांडण आणि थकलेल्या भाड्याबद्दल बोलणारं नवरा-बायकोचं कंट्री गाणं हाती लागतं.

बँडमधला गिटारवादक बिली झूम तर रॉकाबिलीत मुरलेला. रॉकाबिली म्हणजे १९५० च्या दशकात कंट्री आणि ब्लूज यांच्या मिश्रणातून झालेलं संगीत. झूम मंचावर पाय फाकवून उभा राहायचा, बोटं तुफान चालायची आणि चेहऱ्यावर मात्र फोटो काढायला उभं केल्यासारखं न हलणारं हसू. पंकच्या गर्दीत हे हसू बघून लोक चक्रावत.

आता भूगोल बघा. लॉस एंजेलिसच्या उत्तरेला दोनेक तासांवर बेकर्सफील्ड हे गाव आहे. १९३० च्या दशकात दुष्काळाने आणि धुळीच्या वादळांनी ओक्लाहोमा परिसरातून उठलेली कुटुंबं या भागात कापसाच्या शेतांवर आणि तेलविहिरींवर कामाला आली. त्यांनी आपली गाणीही बरोबर आणली. नॅशव्हिलचे स्टुडिओ कंट्रीला व्हायोलिनच्या ताफ्याने गोड करत होते, तेव्हा इथले बक ओवेन्स आणि मर्ल हॅगार्ड विजेच्या गिटारवर टोकदार, करकरीत वाजवत होते. हॅगार्ड तर सॅन क्वेंटिनच्या तुरुंगात राहून आलेला. कॅलिफोर्नियातल्या पंक पोरांना यांच्याइतकं जवळचं दुसरं कोण वाटणार?

म्हणून १९८५ मध्ये डो, एक्सीन आणि ड्रमर डी. जे. बोनब्रेक यांनी ‘द निटर्स’ या नावाने कंट्री आणि लोकगीतांचा अल्बम काढला, त्यात मला घर सोडल्यासारखं काहीच दिसत नाही. नाव पीट सीगरच्या ‘द वीव्हर्स’ या लोकगीतांच्या मंडळीवरून घेतलेलं. ते मागावर विणणारे, हे सुयांवर. मराठीत दोन्हीला आपण ‘विणणं’च म्हणतो. अल्बममध्ये हॅगार्डचं ‘सिल्व्हर विंग्ज’ आहे आणि लेडबेलीने लोकप्रिय केलेलं ‘रॉक आयलंड लाइन’ही. डो आणि एक्सीन तोवर नवरा-बायको होते; त्याच वर्षी त्यांचा घटस्फोट झाला. एकत्र गाणं त्यांनी थांबवलं नाही. याचं मला आजही अप्रूप वाटतं, कारण त्यांची बरीचशी गाणी एकमेकांबद्दलचीच होती आणि ती एकाच माइकसमोर पुन्हा पुन्हा म्हणायची होती.

निटर्सचा गिटारवादक डेव्ह ॲल्विन पुढे लोकगीतांकडेही वळला. जुन्या अमेरिकन गाण्यांच्या त्याच्या ‘पब्लिक डोमेन’ या अल्बमला ग्रॅमी मिळालं. डोने २००९ मध्ये टोरांटोच्या ‘द सेडीज’बरोबर ‘कंट्री क्लब’ केला. २०२२ च्या ‘फेबल्स इन अ फॉरेन लँड’मध्ये तर तिघांचीच मंडळी आहे आणि गाण्यांचा काळ १८९० च्या आसपासचा : घोडे, उपाशी रात्री, अनोळखी वाटा. एवढं करूनही एक्स सुटलं नाही. मूळ चौघांनी २०२० मध्ये ‘अल्फाबेटलँड’ आणि २०२४ मध्ये ‘स्मोक अँड फिक्शन’ काढला.

तुम्हाला एक क्रम सुचवतो. आधी हॅगार्डचं ‘सिल्व्हर विंग्ज’ ऐका, मग निटर्सचं. लगेच एक्सचा ‘लॉस एंजेलिस’ लावा, आवाज जरा मोठा ठेवून. शेवटी बारमधला तो प्रसंग पुन्हा काढा आणि या वेळी पडद्याकडे बघू नका, नुसतं ऐका.