कथेंतील निर्वासित व दारांतील निर्वासित

रोह्यालगतच्या वरसे गांवीं काय किंवा पेणेकडील एखाद्या वाडींत काय, दिवसाचें काम आटोपून मंडळी ओटीवर बसली आणि कोणी गोष्ट वाचूं लागला, म्हणजे एक नवल दृष्टीस पडतें. गोष्टींतील राजाकडे ऐकणाऱ्यांचें फारसें लक्ष जात नाहीं. परंतु घरदार टाकून पळणारी आई, वाट चुकलेलें पोर किंवा रात्रीं दार ठोठावणारा अनोळखी मनुष्य पुढें आला, कीं सर्वजण स्तब्ध होतात. त्याला कोणी आसरा देईल कीं नाहीं, ह्या चिंतेनें जीव कासावीस होतो. हीं माणसें तर कल्पनेंतलीं. तरी त्यांच्यासाठीं डोळ्यांस पाणी येतें. मग दुसऱ्या दिवशीं खरोखरीचा निराश्रित दारीं आला असतां तेच डोळे कोरडे कां राहतात? ह्या पाठांत ह्याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

१. शब्द आणि मुख

आपल्या जुन्या मंडळ्यांस परिचित असा पळणारा म्हणजे जॉन बन्यन ह्यांच्या पुस्तकांतील यात्रेकरू होय. हरि केशवजी ह्यांनीं १८४१ सालीं तें पुस्तक ‘यात्रिकक्रमण’ ह्या नांवानें मराठींत आणिलें. नाशाचें नगर सोडून, पाठीवर ओझें घेऊन तो निघतो. परंतु तो आपण होऊन निघतो. जगांतील बहुतेक निर्वासितांस अशी निवड नसते. दुसऱ्याचा लोभ, दुसऱ्याचा क्रोध किंवा निसर्गाचा कोप त्यांस घराबाहेर काढितो. अशांचें दुःख पाहावयाचें असेल, तर हॅरिएट बीचर स्टो ह्या अमेरिकन बाईंच्या १८५२ सालच्या ‘अंकल टॉम्स केबिन’ ह्या कादंबरींतील एलायझा पाहावी.

एलायझा गुलाम होती. आपला लहानगा हॅरी व्यापाऱ्यास विकला गेला, हें कळतांच ती त्याला घेऊन रातोरात निघाली. पाठीमागें पाठलाग करणारे, पुढें ओहायो नदी, आणि नदींत बर्फाचे मोठमोठे तुकडे वाहत असलेले! एका तुकड्यावरून दुसऱ्यावर उड्या टाकीत, रक्ताळलेल्या पायांनीं ती पैलतीरास लागली. हा प्रसंग वाचणाऱ्यास विसरतां येत नाहीं. परंतु शिकण्यासारखें पुढेंच आहे. त्या रात्रीं ती ज्या घरीं पोहोंचली, तें बर्ड नांवाच्या विधिमंडळाच्या सभासदाचें होतें. पळालेल्या गुलामांस कोणीं साहाय्य करूं नये, अशा कायद्याच्या बाजूनें त्यानें नुकतेंच मत दिलें होतें, आणि घरीं येऊन तो आपल्या पत्नीस त्या कायद्याची आवश्यकता समजावून सांगत होता. इतक्यांत ही बाई त्याच्याच स्वयंपाकघरांत आली! त्या दांपत्याचें एक मूल थोड्याच दिवसांपूर्वीं वारलें होतें. त्या मातेनें त्याचे जपून ठेविलेले कपडे हॅरीसाठीं काढून दिले. आणि तो गृहस्थ स्वतः गाडींत बसून, चिखलाच्या अंधाऱ्या वाटेनें तिला सुरक्षित स्थळीं पोहोंचवून आला.

तो मनुष्य निर्दय होता काय? नाहीं. ‘पळालेला गुलाम’ हा त्याच्या लेखीं कागदावरचा एक शब्द होता. थरथरणारी आई त्यानें पाहिली नव्हती. आपलेंही असेंच होतें. ‘उपरे’, ‘भटके’, ‘बाहेरचे’ असे शब्द आपण सहज बोलून जातों. शब्दाच्या जागीं मुख दिसूं लागलें, म्हणजे मन द्रवतें. चांगली कथा तें मुख दाखविते. दार उघडणें मात्र आपल्याच हातीं राहतें.

२. दयेचा हिशेब

प्रभूनें सांगितलेली चांगल्या शोमरोन्याची गोष्ट आपणां सर्वांस पाठ आहे. तींतील दया किती व्यवहारी आहे, हें मात्र पुष्कळदां सुटून जातें. त्यानें जखमा बांधिल्या, जखमी मनुष्यास आपल्या जनावरावर बसविलें, उतारशाळेंत नेलें, रखवालदारास दोन नाणीं दिलीं, आणि अधिक खर्च झाल्यास परत येतांना देईन, असेंही सांगितलें. हें परत येणें फार महत्त्वाचें आहे. संकटाच्या पहिल्या दिवशीं भाकरी घेऊन धांवणारे पुष्कळ असतात. महिन्यानें पुन्हां विचारपूस करणारे थोडे.

३. आपल्या किनाऱ्याची साक्ष

आसरा कसा द्यावा, हें पाहण्यास दूर जावयास नको. आपल्याच जिल्ह्यांतील बेने इस्राएल लोकांची परंपरागत कथा अशी आहे कीं, त्यांच्या पूर्वजांचें गलबत कोंकण किनाऱ्यावर फुटलें, आणि सात पुरुष व सात स्त्रिया एवढींच वांचून अलिबागेजवळ नवगांवीं किनाऱ्यास लागलीं. हें केव्हां घडलें, ह्याविषयीं विद्वानांचें एकमत नाहीं. परंतु पुढील गोष्ट सर्वांस ठाऊक आहे. हे लोक गांवोगांव वसले, तेलाचे घाणे चालवूं लागले, आणि शनिवारीं घाणा बंद ठेवीत म्हणून ‘शनवार तेली’ म्हणविले गेले. रोह्याचे ते रोहेकर झाले, पेणचे पेणकर, अष्टमीचे अष्टमकर, नवगांवचे नवगांवकर. गांवानें जागा दिली, नांव दिलें, भाषा दिली. पण त्यांचा शनिवार मागितला नाहीं. १९४८ नंतर बहुतेक कुटुंबें इस्राएल देशीं गेलीं, तरी तेथेंही त्यांनीं ‘मायबोली’ नांवाचें मराठी नियतकालिक चालविलें. आसरा देणाऱ्या भूमीची आठवण अशी टिकते.

कोल्हापुराजवळ वळिवडे येथेंही असेंच घडलें. दुसऱ्या महायुद्धांत सोव्हिएत सत्तेनें पूर्व पोलंडांतील असंख्य कुटुंबें सैबेरियादि दूरच्या प्रांतीं नेलीं. त्यांपैकीं सुटून इराणमार्गें आलेले सुमारें ५,००० लोक, मुख्यत्वें स्त्रिया व मुलें, १९४३ पासून १९४८ पर्यंत वळिवड्याच्या छावणींत राहिले. तेथें त्यांच्या भाषेच्या शाळा होत्या, त्यांचें चर्चही होतें.

ह्यांतून मंडळीच्या सेवकांनीं विशेष बोध घ्यावा. आसरा हें आमिष नव्हे. भुकेल्यापुढें भाकरी ठेवून त्याच्या श्रद्धेचा सौदा करणें, ही दया नव्हे. शोमरोन्यानें जखमी मनुष्यास त्याचें मत विचारिलें नाहीं.

४. आपल्या दारीं कोण आहे?

पावसाळा सरला कीं पेण, रोहें, सुधागड ह्या भागांतील कितीएक कातकरी कुटुंबें उचल घेऊन वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या भट्टीवर जातात, तीं पुढच्या पावसाच्या तोंडावर परततात. मुलांची शाळा मध्येंच तुटते. ज्या जागेवर झोंपडी आहे, ती जागाही अनेकांच्या नांवावर नसते. स्वतःच्या जिल्ह्यांत राहून हे लोक निर्वासित आहेत. शिवाय दरडींनीं उठविलेलीं माणसें आहेत. २२ जुलै २०२१ रोजीं महाड तालुक्यांतील तळिये, आणि १९ जुलै २०२३ च्या रात्रीं खालापूर तालुक्यांतील ठाकरांची इर्शाळवाडी, हीं दोन्ही दरडीखालीं गेलीं. वांचलेल्यांस घराबरोबर आपलीं माणसेंही गमवावीं लागलीं.

कोणी म्हणेल, “आमचेंच आम्हांस पुरत नाहीं, दुसऱ्यास काय द्यावें?” हें बोलणें खोटें नाहीं. परंतु परक्या गांवीं आलेल्यास सर्वांआधीं धान्यच लागतें असें नाहीं. त्याला पाणी भरावयास विहीर लागते. आजाऱ्यास दवाखान्याची वाट दाखविणारा सोबती लागतो. पोराला शाळेंत बसवून घेणारा शिक्षक लागतो. दाखल्यासाठीं अर्ज लिहून देणारा कोणी लागतो. मंडळींत लिहितां-वाचतां येणारे जे आहेत, त्यांस हें शेवटचें काम एका पैशाच्याही खर्चावांचून करितां येईल.

तेव्हां बंधुभगिनींनो, पुढच्या वेळीं गोष्ट ऐकतांना डोळे भरून आले, तर ते पुसण्यापूर्वीं एकदां दाराबाहेर पाहावें.

मंडळींत विचार करण्यासाठीं प्रश्न

१. बर्ड ह्यांचें मत कशानें बदललें? तुमचें मत असें कधीं बदललें आहे काय?
२. नवागतांस गांवानें काय द्यावें, आणि त्यांच्यापाशीं काय मागूं नये?
३. तुमच्या गांवाजवळच्या भट्टीवर किती कुटुंबें आलीं आहेत? त्यांच्या मुलांचीं नांवें तुम्हांस ठाऊक आहेत काय?
४. गेल्या वर्षीं ज्यांस साहाय्य केलें, त्यांच्याकडे तुम्हीं पुन्हां गेलां काय?