नाळेतलं रक्त साठवावं का?

प्रश्न : सातवा महिना चालू आहे. नाळेतलं रक्त साठवा म्हणून एक कंपनी सारखी मागे लागली आहे. पैसे भरावेत का?

उत्तर : घाबरून तर मुळीच भरू नका. बाळाला थॅलेसेमियासारखा आनुवंशिक रक्तविकार असेल, तर तोच दोष त्याच्या नाळेतल्या रक्तातही असतो, म्हणून त्याच्या स्वतःच्या उपचाराला ते कामी येत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदही (आयसीएमआर) अशा खासगी साठवणुकीची शिफारस करत नाही. मात्र थोरल्या भावंडाला थॅलेसेमिया किंवा रक्ताचा कर्करोग असेल, तर या बाळाच्या नाळेतलं रक्त त्याच्या उपयोगी पडू शकतं; आजच रक्तविकारतज्ज्ञांना भेटा. १९८८ साली पॅरिसमध्ये अशा रक्ताचं पहिलं यशस्वी प्रत्यारोपण झालं, ते रुग्णाच्या धाकट्या बहिणीच्याच नाळेतल्या रक्तानं. हे रक्त दान करायचं असेल, तर तुमच्या रुग्णालयात तशी सोय आहे का, ते आधी विचारा. आणि नाळ घाईनं कापू नका, असं डॉक्टरांना सांगून ठेवा. धडधडणारी नाळ मिनिटभर तशीच राहिली, की ते रक्त बाळाच्याच अंगात जातं, पुढच्या काही महिन्यांचं लोह त्याला मिळतं.