विंडोज नाही, तरी विंडोजचे गेम कसे चालतात?

प्रश्न : माझा भाचा अमेरिकेहून आला तेव्हा त्याच्याकडे ‘स्टीम डेक’ नावाचं हातात धरून खेळायचं यंत्र होतं. त्यात विंडोज नसून लिनक्स आहे, असं तो सांगतो. पण तो खेळत होता ते गेम तर विंडोजचेच होते! आमच्या ऑफिसातल्या लिनक्सवर साधी एक्सेलची फाइल धड उघडत नाही. मग हे कसं जमतं? आत कुठे विंडोज लपवलेलं असतं का? दुसरं म्हणजे, माझ्या मुलाकडे असूसचं ‘रॉग ॲलाय’ आहे. त्यातलं विंडोज काढून लिनक्स टाकायचं त्याच्या डोक्यात आहे. टाकू द्यावं का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : आधी लपवलेल्या विंडोजची शंका दूर करू. तसं काहीही नसतं. स्टीम डेक हे व्हॉल्व्ह या अमेरिकन कंपनीचं यंत्र फेब्रुवारी २०२२मध्ये बाजारात आलं. दिसायला ते खेळण्यासारखं असलं तरी आतून सरळसरळ संगणक आहे : एएमडीचा प्रोसेसर, १६ जीबी मेमरी आणि ७ इंची पडदा. त्यावर चालणारी ‘स्टीमओएस’ ही ऑपरेटिंग सिस्टीम ‘आर्च लिनक्स’वरून तयार केलेली आहे. भाच्याला ‘डेस्कटॉप मोड’ उघडायला सांगा. नेहमीच्या लिनक्ससारखा डेस्कटॉप समोर येईल आणि त्याला कीबोर्ड-माउस जोडला तर पत्रही टाइप करता येईल.

एक्सेलची तक्रार खरी आहे, पण तो मामला वेगळा. ऑफिसात तुम्ही एका प्रोग्रॅमने बनवलेली फाइल दुसऱ्याच प्रोग्रॅममध्ये उघडता, म्हणून रकाने इकडचे तिकडे होतात. इथे खुद्द विंडोजचा प्रोग्रॅमच, त्यातलं एक अक्षरही न बदलता, लिनक्सवर चालवला जातो. हे ऐकायला जास्त अवघड वाटतं. ते कसं साधतं हे कळण्यासाठी गेमच्या फाइलमध्ये काय असतं ते पाहावं लागेल.

त्यात दोन प्रकारचा मजकूर असतो. पहिला प्रकार म्हणजे प्रोसेसरला दिलेल्या सूचना : ही बेरीज कर, ती तुलना कर, शत्रूचा नेम लागला का ते बघ. या सूचना प्रोसेसरच्या भाषेत असतात, विंडोजच्या नव्हे. तुमच्या मुलाच्या यंत्रातला आणि भाच्याच्या यंत्रातला प्रोसेसर एकाच घराण्यातला आहे. त्यामुळे या सूचना दोन्हीकडे जशाच्या तशा चालतात. लिनक्सवर विंडोजचे गेम ‘इम्युलेटर’ने चालतात असं पुष्कळजण सांगतात, ते म्हणूनच चूक. एका जातीच्या प्रोसेसरला दुसऱ्या जातीचं सोंग घ्यावं लागतं तेव्हा इम्युलेटर लागतो. इथे सोंग घेण्याची वेळच येत नाही.

दुसरा प्रकार म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमकडे केलेल्या मागण्या : ही फाइल उघडून दे, एवढी मेमरी दे, कंट्रोलरचं कुठलं बटण दाबलं ते सांग. अडचण फक्त इथे येते, कारण गेमला मागण्या करण्याची विंडोजचीच रीत ठाऊक असते. कल्पना करा, की एखाद्या माणसाला तहसील कचेरीत सात नंबरच्या खिडकीवर सातबारा मिळतो एवढंच माहीत आहे. कचेरी नव्या इमारतीत गेली, आतले कारकून बदलले, कामाची पद्धत बदलली, तरी सात नंबरच्या खिडकीवर सातबारा मिळत राहिला तर त्याचं काही अडत नाही. ‘वाइन’ नावाचा प्रकल्प १९९३पासून नेमकं हेच करत आला आहे. विंडोजच्या सगळ्या खिडक्या त्याच क्रमांकाने लिनक्समध्ये उभ्या करायच्या आणि आलेली मागणी आतून लिनक्सच्या पद्धतीने पुरी करायची. मायक्रोसॉफ्टच्या प्रोग्रॅमची एक ओळही त्यासाठी उचललेली नाही. खिडक्यांमागचं सगळं काम स्वयंसेवकांनी आणि ‘कोडवीव्हर्स’ या कंपनीने नव्याने लिहिलं.

मग १९९३पासून गेम का चालत नव्हते? काही चालत होते, पण रडतखडत. खरी अडचण चित्रांची होती. विंडोजचे गेम पडद्यावर चित्र काढण्यासाठी ‘डायरेक्टथ्रीडी’ वापरतात. ती मायक्रोसॉफ्टची खासगी व्यवस्था असून लिनक्समध्ये नाही. २०१६ साली ‘व्हल्कन’ नावाची खुली व्यवस्था आली आणि तिच्यामुळे ग्राफिक्स चिपशी फार जवळून बोलता येऊ लागलं. पुढची गोष्ट मला फार आवडते. फिलिप रेबोले या जर्मन प्रोग्रॅमरला ‘निअर : ऑटोमाटा’ हा गेम लिनक्सवर खेळायचा होता आणि तो काही नीट चालेना. म्हणून त्यांनी डायरेक्टथ्रीडीच्या मागण्या व्हल्कनमध्ये बदलणारा ‘डीएक्सव्हीके’ हा प्रोग्रॅम लिहायला घेतला. व्हॉल्व्हने ते काम पाहून त्यांना आपल्यासाठी काम करायला बोलावलं. वाइन, डीएक्सव्हीके आणि आणखी बरंच काही एकत्र बांधून ऑगस्ट २०१८मध्ये ‘प्रोटॉन’ प्रसिद्ध झालं. भाचा गेम सुरू करतो तेव्हा पडद्यामागे हेच प्रोटॉन राबत असतं.

आता तुम्ही विचाराल, मधे एवढा खटाटोप असताना गेम मंदावत नाही का? थोडा भार पडतो. पण तो वाटतो तितका नसतो आणि कधी कधी उलटा फायदाच होतो. ‘शेडर’ म्हणजे सावली, चमक, धुकं काढणारे छोटे प्रोग्रॅम. ते प्रत्येक ग्राफिक्स चिपसाठी वेगळे घडवावे लागतात. विंडोजच्या संगणकांत चिपांच्या नाना तऱ्हा असल्यामुळे हे काम बऱ्याचदा ऐन खेळताना होतं आणि चित्र अडखळतं. सगळ्या स्टीम डेकांतल्या चिपा मात्र एकाच घडणीच्या. म्हणून व्हॉल्व्ह ते आधीच घडवून गेमबरोबर पाठवून देऊ शकते. ‘एल्डन रिंग’ हा गाजलेला गेम फेब्रुवारी २०२२मध्ये आला तेव्हा विंडोजवर तो जागोजागी अडखळत होता. काही ठिकाणी तो एकदम हजारो बारीकसारीक मागण्या करत असे. व्हॉल्व्हच्या इंजिनिअरांनी त्या मागण्या हाताळण्याची पद्धत मधल्या थरातच सुधारली आणि काही दिवसांतच गेम डेकवर अधिक सलग चालू लागला. गेम बनवणाऱ्यांनी त्यात काहीच केलं नव्हतं.

अशा यंत्रावर लिनक्सचा दुसरा फायदा म्हणजे नको ते टाकून देता येतं. स्टीमओएसमध्ये खेळताना डेस्कटॉप सुरूच नसतो. ‘गेमस्कोप’ नावाचा छोटा प्रोग्रॅम गेमचं चित्र थेट पडद्यावर पोहोचवतो. पॉवरचं बटण दाबलं की गेम अर्ध्या उडीत गोठतो आणि पुन्हा दाबलं की तिथूनच पुढे चालू होतो. लोकलमध्ये दोन स्टेशनांच्या मधे खेळणाऱ्याला याची किंमत विचारा. विंडोजच्या हँडहेल्डवर हे झोपणं-उठणं बराच काळ बेभरवशाचं होतं. ऑक्टोबर २०२५मध्ये असूसच्या ‘रॉग एक्सबॉक्स ॲलाय’बरोबर मायक्रोसॉफ्टने डेस्कटॉप बाजूला ठेवणारा पूर्ण पडद्याचा एक्सबॉक्स मोड आणला. म्हणजे आपलं विंडोज हातात धरायला जड जातं, ही कबुलीच म्हणायची.

या कामातल्या अडचणी किती बारीक असतात त्याची एक मजेदार चुणूक सांगतो. विंडोज फाइलच्या नावात कॅपिटल आणि स्मॉल अक्षरांत भेद करत नाही, लिनक्स करतं. त्यामुळे गेममध्ये एका जागी नाव कॅपिटलने आणि दुसऱ्या जागी स्मॉलने लिहिलेलं असेल, तर विंडोज ते चालवून घेतं आणि लिनक्स ‘अशी फाइलच नाही’ म्हणून हात वर करतं. मग वाइनला प्रत्येक वेळी खरं नाव शोधत बसावं लागतं आणि त्यात वेळ जातो. अखेर २०१९मध्ये लिनक्सच्या गाभ्यातच, म्हणजे कर्नलमध्ये, एखाद्या फोल्डरपुरता हा भेद विसरण्याची सोय करण्यात आली आणि त्या कामाला पैसा व्हॉल्व्हचा होता.

एका दुकानदार कंपनीने एवढा उपद्व्याप का करावा? व्हॉल्व्हचा खरा धंदा ‘स्टीम’ या ऑनलाइन दुकानात गेम विकण्याचा, आणि ते दुकान विंडोजच्या जागेवर उभं. २०१२मध्ये विंडोज ८ मायक्रोसॉफ्टचं स्वतःचं दुकान घेऊन आलं तेव्हा व्हॉल्व्हचे प्रमुख गेब न्यूएल यांनी त्याला उघडपणे आपत्ती म्हटलं. न्यूएल स्वतः मायक्रोसॉफ्टमध्ये बरीच वर्षं काढलेले गृहस्थ, त्यामुळे घरमालकाचा स्वभाव त्यांना ठाऊक असावा. पहिला प्रयत्न २०१५चा. वेगवेगळ्या कंपन्यांनी बनवलेली लिनक्सची ‘स्टीम मशीन’ नावाची यंत्रं आली आणि साफ आपटली. लिनक्ससाठी गेम नव्याने बांधावे लागत. गेम नाहीत म्हणून गिऱ्हाईक नाही आणि गिऱ्हाईक नाही म्हणून गेम नाहीत. प्रोटॉनने ही अडवणूक मोडली, कारण आता गेम बनवणाऱ्याने काही करायचंच नव्हतं.

तरीही काही गेम चालत नाहीत, आणि तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. ‘लिनक्सला जड गेम झेपत नाहीत’ हा समज चुकीचा. एकट्याने खेळायचे मोठमोठे गेम चालतात. अडतात ते ऑनलाइन स्पर्धेचे काही गेम, आणि तेही त्यांच्या ‘अँटी-चीट’मुळे, म्हणजे लबाडी पकडणाऱ्या पहारेकऱ्यामुळे. ‘व्हॅलोरंट’चा ‘व्हॅनगार्ड’ विंडोजच्या अगदी गाभ्यात जाऊन बसतो. वाइन गेमच्या बाहेरच्या मागण्या पुरवतं. हा पहारेकरी आतल्या खोलीत शिरायला बघतो आणि तशी खोली इथे मुळातच नाही. काही पहारेकरी मात्र जुळवून घेणारे आहेत. ‘ईझी अँटी-चीट’ आणि ‘बॅटलआय’ यांनी २०२१मध्ये प्रोटॉनची सोय केली, पण ती सुरू करायची की नाही हे गेमच्या कंपनीच्या हाती आहे. गंमत अशी, की ईझी अँटी-चीट एपिक कंपनीच्याच मालकीचं आणि त्याच कंपनीचा ‘फोर्टनाइट’ लिनक्सवर मना आहे. ‘एपेक्स लेजंड्स’ डेकवर चांगला चालत होता. २०२४च्या अखेरीस कंपनीने तो बंद केला. लिनक्सचा गाभा कोणालाही बदलता येतो, मग पहारेकऱ्याने विश्वास कशावर ठेवायचा, असं त्यांचं म्हणणं. हा युक्तिवाद अगदीच पोकळ नाही. पण मूठभर खेळाडूंसाठी तो प्रश्न सोडवत बसण्यापेक्षा दार लावून घेणं त्यांना स्वस्त पडतं, हेही तितकंच खरं.

आता मुलाचं ॲलाय. मे २०२५मध्ये आलेल्या स्टीमओएस ३.७पासून व्हॉल्व्हने एएमडी प्रोसेसर असलेल्या इतर हँडहेल्डनाही पाठिंबा द्यायला सुरुवात केली आणि त्यात ॲलाय येतं. त्याच महिन्यात लेनोव्होचं ‘लीजन गो एस’ हे दुसऱ्या कंपनीचं यंत्र स्टीमओएस आतच घेऊन विक्रीला आलं. आणखी एक लोकप्रिय पर्याय ‘बॅझाइट’. तो फेडोरा लिनक्सवर बेतलेला असून स्वयंसेवक तो सांभाळतात. नव्या-जुन्या अनेक यंत्रांची काळजी त्यात घेतलेली दिसते. मला विचाराल तर ॲलायसाठी मी आधी बॅझाइट बघेन, कारण ते वेगवेगळ्या यंत्रांसाठीच घडवलेलं आहे, तर स्टीमओएसचं घर अजून डेकच. लिनक्स म्हटलं की काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करत बसावं लागतं, ही भीती सोडा. दोन्हींत सिस्टीमचा मुख्य भाग कुलूपबंद असतो, अपडेट अख्ख्या संचासारखा येतो आणि तो बिघडला तर आधीच्या संचावर परतता येतं.

काही गैरसोयी मात्र आधीच माहीत असाव्यात. मायक्रोसॉफ्टच्या ‘गेम पास’वरून उतरवून घ्यायचे गेम लिनक्सवर चालणार नाहीत. एपिक आणि जीओजी या दुकानांचे गेम ‘हिरोइक’ नावाच्या प्रोग्रॅममधून चालवता येतात, पण थोडी खटपट पडते. असूसचा ‘आर्मरी क्रेट’ विंडोजपुरताच असल्यामुळे पंख्याचा वेग, विजेचा वापर अशा गोष्टी नव्या मेनूतून जुळवाव्या लागतील.

माझा कौल असा : मुलगा मित्रांबरोबर व्हॅलोरंट किंवा फोर्टनाइट खेळत असेल तर विंडोज राहू द्या, नाहीतर चार दिवसांत परत टाकावं लागेल. त्याचे बहुतेक गेम स्टीमवरचे आणि एकट्याने खेळायचे असतील तर खुशाल टाकू द्या. पण आधी त्याला आपल्या गेमांची यादी करून एकेक नाव ‘प्रोटॉनडीबी’ या संकेतस्थळावर तपासायला लावा. तिथे खेळाडू स्वतःचे अनुभव नोंदवतात. खेळाची सेव्ह फाइल दुसरीकडे उतरवून घ्या, विंडोज परत टाकण्यासाठी लागणारा पेनड्राइव्ह तयार करून चालवून पाहा आणि इन्स्टॉल करताना ॲलाय चार्जरला लावून ठेवा.