वाळवंटी वनस्पतींची जनुके आणि उष्णतेस टिकणारी पिके

इ. स. २०२२ चा मार्च महिना हा भारतात १९०१ पासूनच्या नोंदींतील सर्वांत उष्ण मार्च ठरला. उत्तर भारतात त्या वेळी गव्हाच्या ओंब्यांत दाणा भरत होता. तो पुरता पोसण्यापूर्वीच पिकला आणि पुष्कळ ठिकाणी सुरकुतलेला निघाला. घटलेले उत्पादन व वाढते भाव लक्षात घेऊन मे महिन्यात सरकारने गव्हाच्या निर्यातीवर बंदी घातली. पाणी दिलेले पीकही उष्णतेने का होरपळते, आणि वाळवंटातील झुडपे त्याहून प्रखर उन्हात हिरवी कशी राहतात, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा आहे.

दुर्बल दुवा

वनस्पती सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने हवेतील कार्बन डायऑक्साइड व पाणी यांपासून शर्करा तयार करतात. या क्रियेस प्रकाशसंश्लेषण म्हणतात. गव्हासारख्या पिकांत कार्बन डायऑक्साइड पकडण्याचे काम ‘रुबिस्को’ नावाचे विकर, म्हणजे रासायनिक क्रियेला वेग देणारे प्रथिन, करते. काम चालू असता काही शर्करा-संयुगे रुबिस्कोत अडकतात आणि ते निष्क्रिय होते. जात्यात खडा अडकावा तसाच हा प्रकार होय. हा खडा काढून टाकणारे दुसरे प्रथिन पानात असते; त्यास ‘रुबिस्को ॲक्टिवेज’ म्हणतात.

रुबिस्को स्वतः बरीच उष्णता सोसते. परंतु खडा काढणारा हातच उष्णतेने लुळा पडतो. मग जाते शाबूत असूनही दळण थांबते.

वाळवंटातील उत्तर

अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातील व मेक्सिकोतील वाळवंटांत ‘क्रिओसोट’ नावाचे झुडूप वाढते. त्याच्या ॲक्टिवेजची तुलना अंटार्क्टिकातील एका गवताच्या ॲक्टिवेजशी करण्यात आली. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या संशोधनात क्रिओसोटचे प्रथिन पुष्कळ अधिक उष्णतेतही टिकून राहते, असे आढळले.

कॅलिफोर्नियातील ‘डेथ व्हॅली’ ही दरी जगातील अत्यंत उष्ण प्रदेशांपैकी एक आहे. तेथे माठ व राजगिरा यांच्या कुळातील ‘टाइडस्ट्रोमिया ऑब्लॉन्गिफोलिया’ ही वनस्पती ऐन उन्हाळ्यात जोमाने वाढते. तिचे प्रकाशसंश्लेषण सुमारे ४७ अंश सेल्सिअस तापमानास सर्वाधिक वेगाने चालते, असे १९७२ मध्येच दाखवून देण्यात आले होते. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने त्यामागील व्यवस्थेवर प्रकाश टाकला. उष्णता वाढताच या वनस्पतीतील हजारो जनुकांचे कार्य बदलते, ॲक्टिवेजचे प्रमाण वाढते आणि पेशीतील ऊर्जाकेंद्रे हरितकणांच्या निकट सरकतात.

जनुकांचे स्थलांतर

कोणते प्रथिन कसे घडवावयाचे, याची सूचना म्हणजे जनुक. एका वनस्पतीचे जनुक दुसरीच्या पेशीत घातल्यास तेच प्रथिन तेथेही घडू शकते. उत्तर ऑस्ट्रेलियाच्या उष्ण भागात वाढणाऱ्या एका रानटी भातातील ॲक्टिवेजचे जनुक लागवडीच्या भातात घालण्यात आले. हे रोप वाळवंटी नव्हे. परंतु तत्त्व तेच. प्रयोगात तीव्र उष्णता सोसावी लागलेल्या अशा रोपांची वाढ व बियांचे उत्पन्न साध्या रोपांपेक्षा अधिक झाले, असे २०१८ मध्ये प्रसिद्ध करण्यात आले.

तथापि एका जनुकाने पीक वाळवंटी होत नाही. थरच्या वाळवंटात ‘खेजडी’ म्हणून ओळखला जाणारा शमीचा वृक्ष खोल मुळांच्या आधारे भूमीतील ओलावा मिळवितो; तशी मुळे गव्हास एका जनुकाने लाभणार नाहीत. टाइडस्ट्रोमियाची कार्बन पकडण्याची रीतही गव्हाहून भिन्न असून मका व ज्वारीच्या रीतीशी मिळतीजुळती आहे. शिवाय प्रयोगशाळेतील यश शेतात, अनेक हंगामांत आणि दाण्याच्या वजनात सिद्ध व्हावे लागते. नवे वाण सुरक्षित आहे की नाही, हेही तपासावे लागते.

वाळवंटातील झुडपांकडे निरुपयोगी काटेकुटे म्हणून पाहण्याची प्रवृत्ती आढळते. परंतु त्यांपैकी एखादी जात नष्ट झाली, तर दीर्घ काळात घडलेल्या तिच्या जनुकांतील सूचनाही तिच्याबरोबर नाहीशा होतात. उद्याच्या तापत्या शेतांना कोणती सूचना उपयोगी पडेल, हे आज सांगता येत नाही. म्हणूनच या वनस्पतींचे रक्षण हे धान्याच्या रक्षणाचेच एक अंग होय.