एका पातेल्यात जेवण

दिवस मावळला. रानातून सारे घरी आले. सगळ्यांना भूक लागली. चूल मात्र एकच. आधी भाकरी, मग कालवण. सरपण फार जाते. करणारीच्या पोटात घास पडायला रात्र होते.

अशा वेळी चकोल्या कराव्यात. कुणी त्यांना वरणफळं म्हणतात.

४ माणसांसाठी १ वाटी तूरडाळ आणि २ वाट्या कणीक घ्या. डाळ धुऊन अर्धा तास भिजवा. पातेल्यात तेल, मोहरी, लसूण, हळद, तिखट यांची फोडणी करा. ७ वाट्या पाणी ओता. डाळ घाला. झाकण ठेवा. वाफ कोंडली, की सरपण वाचते. चिंच आता घालू नका. आंबटाने डाळ लवकर शिजत नाही.

डाळ शिजेतो कणीक मीठ घालून घट्ट मळा. पोळी लाटा. शंकरपाळ्यासारखे तुकडे कापा. हे काम पुरुषमाणसालाही जमते.

डाळ मऊ झाली, की घोटा. चिंच, गूळ, मीठ घाला. चांगली उकळी येऊ द्या. मग एकेक चकोली सोडा. साऱ्या एकदम टाकल्या, तर गोळा होतो. वरण आटले, तर गरम पाणीच घाला. १० मिनिटांनी एक चकोली मोडून पाहा. आत कच्चे पीठ दिसले नाही, म्हणजे झाले.

गव्हात जे कमी असते, ते डाळ भरून काढते. दोन्ही मिळून अंगाला बळ येते.

आता सगळे एकदम जेवायला बसा. करणारीचे ताटही सोबतच वाढा. "मागे उरेल ते मी खाईन," असे तिला म्हणू देऊ नका.