प्रयोगशाळेतील स्नायूची तालीम

व्यायामाने स्नायू बळकट होतो, हे सांगावयास शास्त्रज्ञ कशाला हवा? जोर-बैठका काढणारा कोणताही विद्यार्थी ते जाणतो. परंतु तो कसा बळकट होतो, असे विचारताच आपण अडखळतो. कारण आपण धावतो तेव्हा एकटा स्नायू धावत नाही. हृदय वेगाने चालते, श्वास वाढतो, रक्तात निरनिराळे स्राव मिसळतात. या गर्दीतून स्नायूचे स्वतःचे कर्तृत्व वेगळे काढावयाचे, तर त्याला देहाबाहेर ठेवूनच व्यायाम दिला पाहिजे.

अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात नेनाद बुर्साक व त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच साधले. मानवी पेशींपासून वाढविलेला आणि विजेच्या स्पंदाने खऱ्या स्नायूप्रमाणे आकुंचन पावणारा स्नायू त्यांनी २०१५ मध्ये जगापुढे ठेवला. त्याची कृती मोठी मनोरंजक आहे. माणसाच्या स्नायूचा लहानसा तुकडा घेऊन त्यातील, स्नायू होऊ घातलेल्या पेशी पोषक द्रवात हजारपटीहून अधिक वाढवितात. मग त्या मऊ, लिबलिबीत पदार्थात मिसळून एका चौकटीत ठेवतात. तेथे त्या एका दिशेने रांगेत लागतात, एकमेकींत मिसळतात आणि त्यांचे लांब तंतू बनतात. वेलीला मांडव मिळावा, तशी ही चौकट.

या स्नायूला २०२१ मध्ये एक कठीण परीक्षा द्यावी लागली. संधिवातासारख्या रोगांत शरीरातील दाह दीर्घकाळ टिकतो व स्नायू झिजतात. असा दाह वाढविणारे इंटरफेरॉन गॅमा नावाचे द्रव्य संशोधकांनी स्नायूवर सात दिवस ठेवले. स्नायू रोडावला, त्याची शक्ती घटली. दुसऱ्या स्नायूंना तेच द्रव्य दिले, पण सोबत विजेच्या स्पंदांनी व्यायामही घडविला. त्यांची हानी जवळजवळ पूर्णपणे टळली! येथे हृदय नव्हते, मेंदू नव्हता, दाह शमविणारे रक्तही नव्हते. म्हणजे दाहाशी झुंज दिली ती स्नायूच्याच पेशींनी. दाहाचा निरोप पेशीत आत पोहोचविणारी साखळी व्यायामाने आवरली गेली होती.

आम्हांस यातील पुढची गोष्ट विशेष मोलाची वाटते. हीच साखळी रोखणारी टोफासिटिनिब व बॅरिसिटिनिब ही संधिवाताची दोन औषधे त्या स्नायूवर योजली, तेव्हा त्यांनीही तसेच रक्षण केले. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला कोण धावावयास सांगणार? त्याच्यासाठी सुचणारे औषध आधी अशा स्नायूवर पारखून घेता येते. अर्थात या स्नायूस रक्तवाहिन्या नाहीत, मज्जातंतू नाहीत. तेव्हा देहातील स्नायूबद्दल अखेरची साक्ष रुग्णाच्या देहाकडूनच घ्यावी लागते.