पोपट शिकतो, पण त्याला शिकवतो कोण?

‘पोपटपंची’ हा शब्द आपण नेहमी नापसंतीने वापरतो. अर्थ न समजता धडा घडाघडा म्हणून दाखवणाऱ्या विद्यार्थ्याला गुरुजी ‘ही नुसती पोपटपंची झाली’ असे सुनावतात. या शब्दामागे एक समजूत आहे. पोपटाला अर्थाशी काही देणेघेणे नसते, तो ऐकलेला आवाज फक्त परत करतो, अशी ती समजूत. ती कितपत खरी आहे? आणि खरी असेल, तर दोष पोपटाचा की त्याला शिकवणाऱ्याचा?

विद्यार्थी मित्रांनो, भौतिकीच्या प्रयोगात आपण एक गोष्ट पहिल्यापासून शिकतो. मोजणारे उपकरणही प्रयोगाचा एक भाग असते. वाटीभर कोमट पाण्यात थंड तापमापक बुडवला, तर पाण्याची थोडी उष्णता तापमापकच घेतो आणि पाण्याचे तापमान किंचित उतरते. पोपटाला शिकवणारा माणूसही असाच प्रयोगाच्या आत उभा असतो. पण तो स्वतःकडे पाहत नाही; फक्त पोपटाकडे पाहतो.

बक्षीस नेमके कशाचे?

एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १८९८ मध्ये मांजरांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. पेटीत कोंडलेले मांजर धडपड करताना योगायोगाने कडी उघडे, बाहेर येई व त्याला खाऊ मिळे. पुढच्या खेपांना कडी उघडायला लागणारा वेळ कमी कमी होत जाई. यावरून असा नियम निघाला, की ज्या कृतीनंतर सुखकारक परिणाम घडतो ती कृती पुन्हा होण्याची शक्यता वाढते. पुढे बी. एफ. स्किनर यांनी या विषयाचा सखोल अभ्यास केला. अशा परिणामाला मानसशास्त्रात ‘प्रबलन’ म्हणतात.

यातील ‘नंतर’ हा शब्द महत्त्वाचा आहे. १९४८ मध्ये स्किनर यांनी एक गमतीदार प्रयोग प्रसिद्ध केला. भुकेल्या कबुतरांना ठरावीक वेळाने, कबूतर काहीही करत असले तरी, यंत्राने दाणे मिळत. आठपैकी सहा कबुतरांना काही ना काही ठाम सवय लागली. एक कबूतर गोल गोल फिरू लागले, दुसरे पिंजऱ्याच्या कोपऱ्याकडे डोके खुपसू लागले. दाणे येण्याच्या वेळी जे चालले होते तेच पक्के झाले, असा स्किनर यांचा निष्कर्ष होता. नंतरच्या शास्त्रज्ञांनी त्याच्या तपशिलाबद्दल शंका घेतल्या; पण बक्षिसाची वेळ चुकवू नये, हा धडा सर्वांना मान्य आहे.

आता पक्षी पाळणाऱ्याचे वागणे पाहू. त्याने पक्ष्याला हातावर यायला सांगितले. पक्षी हातावर आला. मग मालक डबा शोधायला गेला, झाकण उघडले, दाणा काढला. यात दहा सेकंद गेली. तेवढ्यात पक्ष्याने बोटाला चोच मारली आणि दाणा मिळाला! मालकाच्या मते दाणा हातावर येण्याबद्दल होता. पक्ष्याच्या दृष्टीने तो चोच मारल्याबद्दल होता. म्हणून दाणा आधीच हाताशी हवा आणि योग्य कृती होताच तो द्यायला हवा.

आरडाओरडा आणि लाउडस्पीकर

पोपट थव्याने राहणारा पक्षी आहे. रानात साथीदार दृष्टीआड झाला की पोपट हाक घालतो आणि पलीकडून उत्तर येते. घरात ठेवलेल्या पक्ष्याला घरची माणसे हाच थवा. खोलीत कोणी दिसेना, की तो हाक घालतो. ही हाक हळू असते तेव्हा कोणी लक्ष देत नाही. तो किंचाळू लागला, की मात्र कोणीतरी धावत येऊन ‘गप्प बैस!’ म्हणून ओरडते. मालकाला वाटते, आपण शिक्षा केली. पण पक्ष्याला हवे होते ते मिळालेले असते. थवा आला आणि त्याने मोठ्याने उत्तरही दिले!

सभेत मायक्रोफोन लाउडस्पीकरच्या समोर आला की कर्कश शिट्टी ऐकू येते, हे तुम्ही अनुभवले असेल. लाउडस्पीकरचा आवाज मायक्रोफोनमध्ये शिरतो, मोठा होऊन बाहेर पडतो आणि पुन्हा आत शिरतो. याला फीडबॅक किंवा पुनःप्रदाय म्हणतात. तेथे माईकवर ओरडून काही उपयोग होत नाही. हे चक्र तोडावे लागते. पक्ष्याच्या बाबतीत चक्र तोडण्याचा मार्ग सोपा आहे. भूक, तहान, भीती किंवा आजार हे कारण नाही याची आधी खात्री करावी. मग किंचाळण्याला उत्तर देऊ नये. पण हळू शीळ घातली की लगेच शीळ घालून उत्तर द्यावे. किंचाळल्याने काम होत नाही आणि शिळेने होते, हे पक्षी हळूहळू शिकतो.

‘आजच्या दिवस’चा हिशेब

येथेच बहुतेकांचा संयम सुटतो. बक्षीस बंद झाले की सुरुवातीला ओरडणे कमी न होता वाढते. चार वेळा दुर्लक्ष केल्यावर पाचव्या वेळी आजी म्हणतात, ‘बिचारा केव्हाचा ओरडतोय, आजच्या दिवस देऊ या.’ एवढ्याने काय बिघडले?

थोडे गणित करू. समजा, पूर्वी प्रत्येक ओरडण्याला उत्तर मिळत होते. मग एकदा उत्तर आले नाही, तरी काहीतरी बदलले हे लगेच उघड होते. आता समजा, सरासरी पाचातून एकदाच, पण अनियमितपणे, उत्तर मिळते. एक प्रयत्न फुकट जाण्याची संभाव्यता ४/५ म्हणजे ०.८. लागोपाठ दहा प्रयत्न फुकट जाण्याची संभाव्यता ०.८ चा दहावा घात, म्हणजे सुमारे ०.११. म्हणजे उत्तर देणे बंद झालेले नसतानाही दहा वेळा उत्तर न मिळणे ही फारशी विशेष घटना नव्हे! ही संभाव्यता ०.०५ च्या खाली यायला लागोपाठ चौदा प्रयत्न फुकट जावे लागतात. पक्षी अर्थातच गणित करत नाही. पण कधीतरी मिळणाऱ्या बक्षिसाची सवय नेहमी मिळणाऱ्या बक्षिसाच्या सवयीपेक्षा अधिक चिवट असते, हे प्रयोगांत वारंवार दिसले आहे. म्हणून घरातील सर्वांनी एकच नियम पाळणे अत्यावश्यक आहे.

चावण्याचेही असेच. चावण्यापूर्वी पोपट खुणा करतो. मागे झुकतो, पिसे ताठ करतो किंवा अंगाशी घट्ट दाबतो, चोच उघडतो. मालक तिकडे दुर्लक्ष करून हात पुढे नेतो. मग पोपट चावतो आणि हात झटकन मागे जातो. सौम्य खुणा निरुपयोगी, चावा मात्र गुणकारी, असा धडा मालकानेच दिला! खूण दिसताच हात थांबवला, तर चावण्याची वेळच येत नाही.

बर्लिनचा हुशार घोडा

मालकाला नकळत त्याचे शरीरही शिकवत असते. याचे प्रसिद्ध उदाहरण पोपटाचे नसून घोड्याचे आहे. बर्लिनमधील विल्हेल्म फोन ओस्टेन या निवृत्त शिक्षकांचा हान्स नावाचा घोडा खूर आपटून गणिताची उत्तरे देई. १९०४ मध्ये एका समितीने तपासणी केली. तिला लबाडी आढळली नाही, आणि लबाडी नव्हतीच. पुढे ऑस्कर फुंग्स्ट यांनी बारकाईने प्रयोग करून १९०७ मध्ये उलगडा प्रसिद्ध केला. प्रश्नकर्त्यालाच उत्तर माहीत नसले, किंवा तो घोड्याला दिसत नसला, की हान्स चुके. खुरांचे ठोके योग्य संख्येला पोचले की प्रश्नकर्त्याचे डोके किंचित हले. ते पाहून घोडा थांबे. विशेष म्हणजे हे कळल्यावरही ती सूक्ष्म हालचाल टाळणे स्वतः फुंग्स्ट यांना कठीण गेले.

‘माझा पक्षी “ये” म्हटले की येतो’ असे कोणी सांगितले, तर आपणही विचारावे, की तो शब्द ऐकून येतो, की पुढे झुकलेले अंग पाहून?

ॲलेक्सची शाळा

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. पोपटाला अर्थ कळू शकतो का? अमेरिकेतील आयरीन पेपरबर्ग यांनी १९७६ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातून सैद्धांतिक रसायनशास्त्रात डॉक्टरेट मिळवली, आणि १९७७ मध्ये सुमारे एक वर्षाचा आफ्रिकन करडा पोपट दुकानातून विकत घेतला. त्याचे नाव ॲलेक्स. त्याला शिकवण्याची पद्धत त्यांनी जर्मन शास्त्रज्ञ डीटमार टोट यांच्या कामावरून घेतली व तीत सुधारणा केली.

पोपटासमोर दोन माणसे बसत. एक वस्तू दाखवून ‘हे काय?’ असे विचारी. दुसरा नाव सांगे आणि त्याला तीच वस्तू मिळे. चुकीचे सांगितले तर वस्तू दूर केली जाई. मग दोघे भूमिका बदलत. हे पाहून पोपटही त्या स्पर्धेत उतरे. बूच म्हटले की बूचच मिळे, दाणा नव्हे. त्यामुळे शब्दाची गाठ वस्तूशी पडे. याउलट आपण ‘विठू विठू’ म्हणवून पेरूची फोड देतो. त्या आवाजाचा पेरूशी काहीच संबंध नसतो. मग पोपटाने पोपटपंची केली, तर नवल काय?

ॲलेक्सने सुमारे पन्नास वस्तूंची नावे, सात रंग, पाच आकार व सहापर्यंत संख्या शिकल्या. चाचण्यांत त्याची सुमारे ८० टक्के उत्तरे बरोबर येत. हान्सची आठवण ठेवून काळजीही घेतली जाई. ॲलेक्सचे उत्तर ऐकणारी मुख्य प्रशिक्षक पाठ करून बसे आणि समोर कोणती वस्तू ठेवली आहे हे तिला माहीत नसे. ॲलेक्स ६ सप्टेंबर २००७ रोजी मरण पावला. त्याच्या बोलण्याला ‘भाषा’ म्हणावे की नाही, याबद्दल शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. पण पेपरबर्ग यांच्याच दुसऱ्या प्रयोगांत करडे पोपट नुसत्या चित्रफिती पाहून शब्दांचा अर्थपूर्ण वापर शिकले नाहीत. समोर बसून प्रतिसाद देणारे माणूस लागतेच, हे त्यावरून दिसते.

प्रयोग करण्यापूर्वी

हे वाचून झाडावरचा पोपट धरून आणू नका, विकतही घेऊ नका. आपल्याकडचे हिरवे पोपट पकडणे, विकणे व पाळणे १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमानुसार गुन्हा आहे. शिवाय पोपट दीर्घायुषी असतात. ‘खोडकर’, ‘चावरा’ असा शिक्का बसलेला पक्षी अनेक वर्षे कोपऱ्यातल्या पिंजऱ्यात एकटा पडतो. आणि ती खोड बहुधा माणसानेच लावलेली असते.

करून पहा

१. घरी किंवा शेजारी कुत्रे, मांजर अथवा बजरीगर असेल, तर वहीत तीन रकाने आखा. आधी काय घडले, प्राण्याने काय केले, लगेच नंतर माणसाने काय केले. आठवडाभर नोंदी ठेवा. तिसरा रकाना सर्वांत काळजीपूर्वक भरा.

२. प्राण्याला येत असलेली एक आज्ञा निवडा. आधी शब्द न उच्चारता फक्त हावभाव करा. मग हातपाय, मान न हलवता फक्त शब्द उच्चारा. प्रत्येकी दहा वेळा करून पहा. प्राणी नेमके काय शिकला आहे?

३. शिक्षकांसाठी एक प्रश्न. प्रश्न विचारल्यावर वर्गातील मुले फळ्याकडे पाहतात, की आपल्या चेहऱ्याकडे?